खंडेनवमीचं तेल

घरात नवी वस्तू आली की चारचौघं ती आधी चालू करून बघतात. सिद्धाप्पा ती आधी उलटी करायचा. बुडाला स्क्रू किती, कुठल्या जातीचे, हे कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणी उतरत नसे.

नव्वद साल उलटून गेल्यावर एका दिवाळी पाडव्याला त्यानं बायकोसाठी मिक्सर आणला. रत्नव्वा देवघरातून हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन येईपर्यंत मिक्सरचं बूड एकीकडं, मोटर एकीकडं, आणि मधोमध मांडी घालून सिद्धाप्पा बसलेला.

"अय्य शिवा," रत्नव्वा म्हणाली, "अजून कुंकू लागलं न्हाय त्याला, तवर पोट फाडलासा व्हय?"

"बूश बघ की कसला घातलाय. वरीसभर टिकायचा न्हाय. मी पितळंचा करून घालतो."

आणि घातलाही. सिद्धाप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होता, लेथवर लोखंड कातणारा. जेवणाच्या सुट्टीत त्यानं लेथवर पितळेचा बूश, म्हणजे आस ज्यात फिरतो ती नळी, कातला आणि संध्याकाळी बसवला. तो मिक्सर असा काही चालला की त्याची कीर्ती रत्नव्वाच्या माहेरी गडहिंग्लजपर्यंत गेली. तिची वहिनी आपला आजारी मिक्सर मांडीवर घेऊन एसटीनं कोल्हापूरला आली, एखादं पोर दवाखान्यात आणावं तशी.

त्या दिवसांत टीव्हीवरच्या बायका बटण दाबून नुसत्या हसायच्या. मिक्सर, धुण्याचं यंत्र, गॅसची शेगडी, सगळ्यांचं म्हणणं एकच, की तुमचे कष्ट संपले, आता तुम्हाला वेळच वेळ. रत्नव्वानं ते खरं मानलं होतं. तिची आशा काही फार मोठी नव्हती. सकाळची लिंगपूजा घाईघाईनं आटपावी लागते, ती निवांत बसून करता यावी, एवढंच. पण मिक्सर आला तशी माणसं ताटात दोन-दोन चटण्या मागायला लागली. धुण्याचं यंत्र आलं तसे एकदा अंगावरून काढलेले कपडे परत अंगावर चढेनात. पूजा होती तेवढीच राहिली. उलट कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मंत्र चुकायला लागला.

"वेळ वाचतोय म्हणतासा," ती नवऱ्याला म्हणायची, "कुठल्या डब्यात ठेवलाय तेवढं सांगा. मी काढून घेते."

सिद्धाप्पाची आशा वेगळी होती. त्याला वाटे, आज वस्तू अशी आहे तर उद्याची याहून मजबूत असणार, आणि उघडायला याहून सोपी. माणसाच्या हातानं बंद केलेली वस्तू माणसाच्या हातानं उघडलीच पाहिजे, यावर त्याची श्रद्धा होती. घडलं ते उफराटं. वर्षं सरली तसे वस्तूंचे स्क्रू कमी होत गेले. मग काही स्क्रू अशा जातीचे आले की त्यांना लागणारा पाना बाजारात मिळेना. मग स्क्रूवर चिकटपट्टी आली, पट्टी फाडली तर गॅरंटी संपली. शेवटी टीव्हीच्या रिमोटसारख्या वस्तू आल्या, ज्यांना स्क्रूच नव्हता. दोन टरफलं एकमेकांत दाबून बसवलेली, आणि उचकटली की टवका उडायचा. असा टवका उडालेला रिमोट त्यांच्या घरात रबर लावून वापरात होता.

"गळ्यातलं लिंग जन्मभर पूजतासा," रत्नव्वा एकदा म्हणाली, "ते कधी फोडून बघितलासा का, आत काय हाय? मग ह्या मेल्या रिमोटचंच काय नडलंय?"

"लिंग बिघडत न्हाय," सिद्धाप्पा म्हणाला.

अशातच त्याच्या मालकानं कारखाना उचलून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नेला आणि संगणकावर चालणारी नवी यंत्रं बसवली. सिद्धाप्पालाही नेलं. जुन्या लेथवर तो उभा राहायचा तेव्हा लोखंडाचा कीस मनगटावर उडायचा, हत्यार बोथट झालं की आवाज बदलायचा आणि डोळे मिटूनही कळायचं. नव्या यंत्राला काचेचं दार होतं. आत काय चाललंय ते काचेतून बघायचं. दार उघडलं की यंत्र आपोआप गप्प. सिद्धाप्पा काही महिने त्या काचेपुढं उभा राहिला, आणि एका संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता म्हणाला, "उद्यापास्नं जात न्हाय."

नोकरी सुटली, पण हात सुटले नव्हते. ते सारखे काहीतरी मागायचे. सकाळी उठला की तो दारांच्या बिजागऱ्यांना तेल घाले. दुपारी पंखा उतरवून पुसे. शेजारच्या धोंडुबाईच्या शिलाई मशीनचा पट्टा तिनं न सांगता बदलून येई. सगळं झालं की घरभर फिरे, कानोसा घेत. फ्रीज गुरगुरला की उभा राही.

"बसा की जरा," रत्नव्वा म्हणे.

"बसलोय की," तो उभ्या उभ्या म्हणे.

घरात एकच वस्तू अशी होती जिला हात लावायची त्याला बंदी होती. पुढच्या खोलीतला शांभवीचा कॉम्प्युटर.

शांभवी ही त्यांची एकुलती लेक. बी.कॉम. झाल्यावर राजारामपुरीतल्या एका क्लासात ती लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग शिकली. मिक्सिंग म्हणजे गल्लीतल्या गुंडूनं कॅमेऱ्यावर लग्न घेऊन आणायचं, शांभवीनं ते कॉम्प्युटरमध्ये भरून नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, नवरा-नवरीच्या भोवती बदाम उडवायचे, मागं सनई लावायची आणि सीडी करून द्यायची. सीडी आली तरी लोक तिला कॅसेटच म्हणत. शांभवीचा हात चांगला होता. लोक गुंडूला सांगत, "मिक्सिंग त्या पोरीकडंच दे." स्थळं येत होती, त्यांना ती तोंडावर सांगे की लग्नानंतर मी हेच करणार. रत्नव्वाला त्याची धास्ती वाटे आणि सिद्धाप्पाला अभिमान.

"अप्पा," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ह्याला पाना लावायचा न्हाय. ह्याच्यात लोकांची लग्नं आहेत."

"वरनं फडकं मारलं तर चालंल?"

"वरनंच."

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात उचगावच्या पिराजीच्या मुलीचं, शिवानीचं लग्न होतं. खताचं दुकान असलेलं मोठं घर. लग्नाला आठवडा असताना पिराजीची आई झुंबरबाई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. लग्न पुढं ढकलावं का, यावर घरात खल झाला. हॉल ठरलेला, मुहूर्त धरलेला. तेव्हा शूटिंगचं ठरवायला गुंडूबरोबर गेलेली शांभवी दवाखान्यात म्हातारीच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही काळजी करू नका. मी तुम्हाला घरात बसून अख्खं लग्न दाखवते. मांडवात बसलेल्याला दिसत न्हाय तेवढं दाखवते."

म्हातारीनं पोरीचा हात धरला. "शबूद दे."

शांभवीनं शब्द दिला. त्या शब्दावर लग्न झालं. नातीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा झुंबरबाई दवाखान्याच्या खाटेवर पायाला वजन बांधून छताकडं बघत पडली होती.

तेव्हापासून तिचे फोन सुरू झाले. फोन बहुतेक वेळा सिद्धाप्पाच उचले, कारण घरात फिरणारा तोच.

"पावणं, झाली का कॅसेट?"

"हुतीया की आजी. पोरगी बसलीया बघा त्यावर."

"लगीन एका दिसात झालं, आनी कॅसेटीला एवढं दिस? पोरीचं डोहाळजेवण यायच्या आदी बघाय मिळंल न्हवं?"

सिद्धाप्पाला या बाईचा आवाज आवडे. खणखणीत, लेथवर चांगलं हत्यार चालावं तसा. शांभवीच्या हातात एकामागून एक कामं होती, तारीख द्यायला ती तयार नसे. पण गणपती झाल्यावर एकदा म्हातारी फोनवर हळू म्हणाली, "मला आता उठाय-बसाय यायचं न्हाय पावणं. तेवढंच बघायचं ऱ्हायलंय." सिद्धाप्पाच्या तोंडून निघून गेलं, "दसऱ्याला देतो."

शांभवी चिडली. "मिक्सिंग तुम्ही करताय का मी?" पण आता अप्पानं तारीख दिली होती, तेव्हा बाकीची कामं बाजूला सारून ती उचगावच्या लग्नाला लागली. नवरात्र बसलं. देवघरात घटातलं धान उगवत होतं आणि पुढच्या खोलीत शिवानीचं लग्न तुकड्या-तुकड्यानं जोडलं जात होतं.

अष्टमीला सिद्धाप्पाला आवाज ऐकू आला.

कॉम्प्युटर एरवी भुंग्यासारखा गुणगुणायचा. त्या गुणगुणीत मधूनच एक बारीक कट-कट मिसळत होती. शांभवी कानाला हेडफोन लावून बसलेली, तिला सनईशिवाय काही ऐकू येत नव्हतं. सिद्धाप्पा दारात उभा राहिला. बेअरिंग जाणार असलं की असाच आवाज येतो, हे त्याला झोपेतही कळलं असतं. सांगावं का? सांगितलं तर ती म्हणणार, अप्पा, तुमचं काहीतरीच. गेल्याच महिन्यात फ्रीज वाजतोय म्हणून त्यानं मेकॅनिक बोलावला होता, आणि वाजत होती फ्रीजवरची डब्याची ताटली. दोघी मायलेकी दोन दिवस हसत होत्या. तो काही बोलला नाही. पण त्याला चैन पडेना. उद्या हे बंद पडलं तर दसऱ्याची तारीख चुकणार, आणि तारीख त्यानं दिली होती.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. उद्यमनगरात या दिवशी यंत्रं बंद असतात. रॉकेलनं धुवायची, नव्या फडक्यानं कोरडी करायची, जिथं जिथं फिरतं तिथं तेल द्यायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. वर्षभर राबलेल्या यंत्राला अंघोळ घालायचा हा दिवस, आणि तेलपाणी आतपर्यंत पोचल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, हे सिद्धाप्पाच्या अंगात मुरलेलं. आपल्या लेथच्या गाभ्याला, जिथून सगळं फिरतं तिथं, तो तीन बोटांनी विभूती ओढायचा. मालकानं कधी हरकत घेतली नव्हती.

सकाळी मायलेकी अंबाबाईच्या दर्शनाला गेल्या. नवमीची रांग, दुपार होणार हे ठरलेलं. जाताना शांभवी म्हणाली, "अप्पा, कॉम्प्युटरला बाहेरनं माळ घाला. कुंकू नको, पडद्याला चिकटतं."

त्यानं मिक्सर पुसला, पंखे पुसले, शेजारी जाऊन धोंडुबाईच्या शिलाई मशीनला तेल दिलं, सायकलची साखळी रॉकेलात बुडवली. मग पुढच्या खोलीत आला. कॉम्प्युटर चालूच होता. कट-कट कालच्याहून दाट झाली होती. त्यानं लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक डब्याच्या पत्र्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इंजिनाचं दुखणं मेकॅनिक असंच ऐकतात. टोक सरकवत सरकवत गेला आणि आवाजाचं घर सापडलं.

मशीन बंद करून पत्रा काढणं सोपं होतं. आत धुळीची गोधडी. ती त्यानं ब्रशनं काढली. इथपर्यंत केलं असतं आणि थांबला असता तर काही बिघडणार नव्हतं. पण आवाजाचं घर म्हणजे आत एक छोटी पोलादी डबी होती, हाताच्या पंज्याएवढी, जड, सुबक. तिला चांदणीच्या आकाराचे स्क्रू होते. त्याला लागेल असा पाना त्याच्याकडं नव्हता. सिद्धाप्पाला उलट हुरूप आला. सायकलच्या चाकाचा जुना आरा घेऊन त्यानं टोक कानशीनं घासलं, बसवून बघितलं, परत घासलं. चिकटपट्टी होतीच. ती फाडली. झाकण निघालं.

आत आरसा होता. गोल, चकचकीत, ज्याच्यावर एक रेघ नाही, एक डाग नाही. सिद्धाप्पाचे हात थांबले. त्यानं आयुष्यभर लोखंडाला चकाकी आणली होती, मालकाच्या शाबासक्या घेतल्या होत्या, पण असा पृष्ठभाग त्याला स्वप्नातही जमला नसता. कुणी केलं असेल हे? कसल्या हत्यारानं? वर एक नाजूक काटा होता, माशीच्या पायासारखा. कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदाच त्याला वाटलं की काचेच्या दाराआड बसलेल्या त्या नव्या कारागिराशी आपली ओळख झाली.

त्यानं नवं मलमल घेतलं आणि आरसा हळूच पुसला. मधल्या आसाला बारीक तेलाचा एक थेंब दिला, जास्त नाही. बोटानं फिरवून बघितलं, लोण्यासारखं फिरलं. मग हात धुतले, देवघरातून विभूती आणली आणि आसाच्या टोकाला तीन बोटं टेकवली. झाकण लावलं, पत्रा लावला, माळ घातली, नारळ फोडला.

बटण दाबलं. पडदा काळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि आतून एक खरखर आली, जी त्यानं आधी कधी ऐकली नव्हती. त्यानं बंद करून परत लावलं. परत तेच. तो पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेला, मागच्या खोलीतून पुढच्या. नैवेद्याचं ताट झाकून ठेवलेलं, त्याला हात लावला नाही. फाटकाचा आवाज आला तेव्हा तो उंबऱ्यातच उभा होता.

शांभवीनं त्याच्याकडं बघितलं आणि ओटीचं तबक आईच्या हातात दिलं. "अप्पा, काय केलासा?"

"साफसफाई."

"कुठवर?"

सिद्धाप्पा बाजूला सरला. तिनं पत्रा काढला. पोलादी डबीच्या फटीतून तेलाचा वास येत होता आणि काठाला विभूतीची पांढरी भुकटी होती. शांभवी खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. रत्नव्वा तबक घेऊन तशीच उभी राहिली, आणि तिनंही एक टोमणा मारला नाही. सिद्धाप्पाला जे कळायचं होतं ते त्यातच कळलं.

गुंडूला बोलावलं. "मूळ टेपा असतील की तुझ्याकडं."

"टेपा कुठल्या ऱ्हायल्यात?" गुंडू डोकं खाजवत म्हणाला. "तू कॉम्प्युटरात भरून घेतलीस, मी त्यावर निपाणीचं बारसं घेतलं, बारशावर कुणाची तरी एकसष्टी घेतली. टेप काय जन्माला पुरवायची असती?"

दसऱ्यानंतर शांभवी ती डबी घेऊन राजारामपुरीत संगमेश नावाच्या दुरुस्तीवाल्याकडं गेली. सिद्धाप्पा न बोलावता मागोमाग गेला. संगमेशनं झाकण काढलं, बघितलं, वर बघितलं.

"काका, ही विभूती?"

"मशीनला लावतात. आतनं कट-कट येत हुती."

"हे मशीन न्हवे काका. हार्ड डिस्क आहे."

"फिरतंय न्हवं आत? मोटर हाय, आस हाय, बेअरिंग हाय. मग मशीन न्हवे तर काय?"

संगमेशनं डबी बंद करून शांभवीपुढं सरकवली. "ह्यातलं काही निघत न्हाय. हवेतला धुळीचा कण पडला तरी ही जाते, हिला तर अंघोळ घातलीय." मग जरा नरमला. "आवाज येत हुता म्हणताय म्हणजे ती जाणारच हुती. पण आवाज आला तवाच आणून दिली असती तर आतला माल मी दुसरीवर काढून दिला असता. वेळ हुता."

परत येताना शांभवीनं विचारलं, "आवाज कधी ऐकलासा?"

"अष्टमीला."

"मी घरात हुते."

"व्हय."

यापुढं ती बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढचे काही दिवसही नाही. जेवायला वाढायची, चहा द्यायची. सिद्धाप्पानं चुकून दोनदा फ्रीजचा आवाज ऐकला आणि दोन्ही वेळा तोंड उघडून परत मिटलं. आपल्या कानानं बरोबर सांगितलं होतं आणि हातानं घात केला होता, हे त्याला बसल्या जागी टोचत होतं. म्हणून तो बसतच नव्हता.

फोन वाजायचा. त्यानं तो उचलायचं सोडलं. रत्नव्वानं एकदा उचलला आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "म्हातारी विचारतीया, दसरा कुठल्या सालचा म्हणलासा? किती दिस तोंड लपवणार? जावा, आनी सांगा."

नव्या डिस्कवर शांभवीचं काम सुरू झालं होतं. तिला खणात एक सीडी सापडली. आवाज आणि चित्र जुळतं का ते बघायला तिनं एक तुकडा काढून ठेवला होता. तो तुकडा पंगतीचा होता. अख्ख्या लग्नातलं तेवढंच उरलं होतं, वाढपी आणि जेवणारे. ती सीडी तिनं पर्समध्ये टाकली आणि बापाला एवढंच म्हणाली, "चला."

उचगावात झुंबरबाईच्या खोलीत पलंगासमोर नवा टीव्ही आणि नवा सीडी प्लेअर मांडून ठेवला होता, या एका कॅसेटसाठी घेतलेला. म्हातारी तक्क्याला टेकून बसली होती. सिद्धाप्पानं रामराम केला आणि तिनं मान वर केली.

"फोनवरचं पावणं न्हवं तुमी? वाटलं हुतं जरा जाडजूड असशीला."

सिद्धाप्पा पलंगाशेजारी उभा राहिला. मुलीनं तोंड उघडायच्या आत बोलला. "आजी, लग्न गेलं. पोरीची चूक न्हाय. मी यंत्र उघडलं, तेल घातलं. आता ते परत येत न्हाय."

पिराजी दारातून गरजला. "गेलं म्हंजे? अवो, आईला आमी त्या भरवशावर दवाखान्यात ठिवून लगीन केलं. गावाला काय सांगू, तेल घातलं म्हनून?"

"सांगा," सिद्धाप्पा म्हणाला. "माझं नाव सांगा."

"तू गप रं," झुंबरबाई लेकाला म्हणाली. ती सिद्धाप्पाकडं बघत होती. "समदं गेलं?"

शांभवीनं पर्समधून सीडी काढली. "पंगत आहे आजी. तेवढीच राहिलीय. आणि बाकीचं मला पाठ आहे. दहादा बघितलंय मी. मी तुम्हाला सांगू शकते, कोण कुठं उभं होतं, शिवानी कधी रडली..."

"सांगशील गं बाई. पर मी बघनार हुते." म्हातारीनं टीव्हीकडं बोट केलं. "लाव. पंगत तर पंगत."

सीडी लागली. पंगत सुरू झाली. झुंबरबाई पुढं सरकली. तिला राहवेना. "ही कागलची चुलती. लगनाला येत न्हाय म्हणून फुगून बसलीती, आनी बघा की कशी वरपतीया. आरं, भात काय त्यो, खिमट झालंय. आचारी कुनी ठरवला?" पिराजी खाली बघायला लागला. वाढपी पुढं सरकत होते, मठ्ठ्याची बादली गेली, जिलेबीची परात आली. "नवरी कुठं हाय?"

"आता येते," शांभवी म्हणाली. "शेवटाला येते."

कॅमेरा पंगतीच्या टोकाकडं वळला. रांगोळी दिसली, चांदीची ताटं दिसली, हिरव्या शालूचा काठ दिसला. शिवानीनं घास हातात घेऊन मान वर केली आणि चित्र तिथंच थटलं. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. प्लेअर आत घरघरायला लागला.

पिराजीनं रिमोट दाबला, चित्र हललं नाही. खोलीतली सगळी माणसं सिद्धाप्पाकडं बघायला लागली.

"मिस्त्री हाईसा न्हवं," झुंबरबाई म्हणाली, "उघडा की त्ये."

सिद्धाप्पाचे हात पुढं झाले होते. प्लेअरच्या कडेला चार साधे स्क्रू होते, खिशातल्या पान्यानं निघतील असे. त्याला ते उभ्या जागेवरून दिसत होते. त्यानं शांभवीकडं बघितलं. ती पडद्याकडंच बघत राहिली.

"आतल्या काचेवर धूळ बसली असंल," तो म्हणाला. "अंदाज हाय. पर आजी, मी उघडलं तर आता दिसतंय तेवढंबी जाईल. मी न्हाय उघडत."

"मग काय करायचं?"

"मला म्हाईत न्हाय."

म्हातारीनं टीव्हीकडं मान वळवली. चौकोनांतून नातीचा एक डोळा आणि नथ तेवढी धड दिसत होती. "नथ माजी हाय," ती म्हणाली. "म्याच दिलीती तिला, दवाखान्यातनं." पिराजी बंद करायला उठला तशी तिनं हात उचलला. "ऱ्हाऊ दे. तापलं तर तापू दे."

चहा आला. चहा पीत सगळे त्या थटलेल्या चित्राकडं बघत बसले. मग झुंबरबाईनं शांभवीला जवळ बोलावलं. "दिवाळीला पोरगी-जावई यायचं हाईत. क्यामेरावाल्याला घिऊन ये. ह्याच खोलीत दोघास्नी पाटावर बसीव. मी ओवाळनार, आनी तेची कॅसेट कर. आनी पावणं, तुमी तारीख सांगू नगा कुनाला."

"न्हाय सांगत," सिद्धाप्पा म्हणाला.

उचगावच्या फाट्यावर दोघं वडापच्या, म्हणजे सीट भरून निघणाऱ्या, जीपची वाट बघत उभे राहिले. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. शांभवी बोलली, रस्त्याकडं बघतच.

"परत आवाज आला तर मला सांगायचं. मी हसले तरी सांगायचं."

"आनी तू घरात नसलीस तर?"

"तर वाट बघायची."

सिद्धाप्पानं मान डोलावली. एवढं सोपं काम त्याला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं, आणि एवढं अवघडही.

जीप आली. मागं माणसं खच्चून भरलेली, त्यांना ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. जीप निघाली आणि दुसऱ्या गिअरला सिद्धाप्पा ताठ झाला. पायाखालून, बॉनेटच्या डाव्या अंगानं, टक-टक येत होती. त्यानं खिसा चाचपला. मग हात बाहेर काढला आणि मांडीखाली दाबला. शांभवी बघत होती.

"पावणं," तो ड्रायव्हरला म्हणाला, "इंजिनातलं टॅपेट वाजतंय बघा तुमचं."

"वाजू दे की," ड्रायव्हर म्हणाला. "पंधरा दिस झालं वाजतंय. चालतीया न्हवं गाडी? बसा निवांत."

सिद्धाप्पा बसला. कोल्हापुरात शिरताना लागणाऱ्या टेंबलाईच्या टेकडीपर्यंत तो त्या टक-टकीकडं कान लावून बसला होता, आणि शांभवी त्याच्या हाताकडं डोळे लावून.